काटे उडत नाहीत

सेलिन तुस्कानो यांनी एकतीस वर्षं माणिकपूरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि जूचंद्रच्या टेकडीखालच्या त्या राहत होत्या त्या सोसायटीच्या सभेत त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांच्या हातात माईक देऊन सांगितलं, "टीचर, दोन मिनिटांत आटपा. अजून पार्किंगचा विषय राहिलाय."

हा विद्यार्थी म्हणजे संग्राम. आता सोसायटीचा सेक्रेटरी. शाळेत दुसऱ्या बाकावर बसायचा, आकृत्या सुरेख काढायचा, आणि त्याची वही टीचर इतर वर्गांत दाखवायला न्यायच्या. म्हणूनच त्यांना जास्त लागलं. एखादा ढ पोरगा असता तर त्यांनी सोडून दिलं असतं.

भानगड सुरू झाली ती हाडांवरून. बिल्डरने टेकडीचा पायथा उभा कापून ही इमारत बसवली होती. कापलेल्या कडेवर करवंदीच्या जाळ्या होत्या, दोन जुने आंबे होते, आणि एका आंब्याच्या मुळाशी मोठं बीळ होतं. डिसेंबरात कोणीतरी तिथे शेकोटीला फाटे आणायला गेलं आणि बिळाच्या तोंडाशी हाडांचा ढीग बघून पळत खाली आलं. तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. 'अघोरी प्रकार', 'अमावास्या कधी आहे बघा', 'पोलिसांना कळवा'.

सेलिन टीचर गुडघा दुखत असताना वर चढून गेल्या. एक हाड हातात घेऊन निरखलं. बकऱ्याच्या पायाचं होतं. त्याच्यावर पटाशीने ओढाव्यात तशा खोल रेघा होत्या. त्यांच्या तोंडून "अरे वा!" निघून गेलं. इतकी वर्षं पुस्तकातून शिकवलेलं जनावर त्यांच्या बाल्कनीपासून दीडशे पावलांवर राहत होतं.

घरी येऊन त्यांनी चष्मा लावून ग्रुपवर लांबलचक मजकूर लिहिला. हे साळिंदर आहे. उंदीर-खारीच्या जातकुळीतलं. कंदमुळं, साली, पडलेली फळं खातं. कुणाला मारून खात नाही. नुसत्या पाल्यामुळ्यावर त्याला पुरेसा चुना मिळत नाही, म्हणून कुठेतरी पडलेली हाडं उचलून आणतं आणि कुरतडत बसतं. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायलाही हाडं बरी पडतात. घाबरण्यासारखं काही नाही.

सात जणांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं. आठव्याने लिहिलं, 'म्हणजे हाडं खातं. लहान मुलांना एकटं सोडू नका.'

टीचरांनी फोन एरॉलच्या पुढे धरला. एरॉल म्हणजे त्यांचा नवरा, स्वभावाने थंड, निवृत्तीनंतर दिवसभर कुंड्यांत रमणारा. त्याने वाचलं आणि म्हणाला, "तू फार लांब लिहितेस, सेलिन. दोन ओळींत लिही."

"दोन ओळींत लिहिलं तर कळेल का?"

"आता तरी कुठे कळलं?"

जानेवारीत कुत्र्याचं झालं. चौथ्या मजल्यावरचा संकेत ऑफिसला जायच्या आधी पहाटेच आपल्या लॅब्रेडोरला, ब्रुनोला फिरवायचा. त्या दिवशी ब्रुनो पट्टा हिसकून टेकडीवर गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या तोंडात, गालात, छातीत मिळून अकरा काटे होते. काळे-पांढरे, वीतभर लांब, पेन्सिलीएवढे जाड. कुत्रा रडत होता आणि संकेतही. डॉक्टरांनी भूल देऊन काटे काढले. ब्रुनो वाचला, पण त्याचं थोबाड सुजून भोपळ्यासारखं झालं, आणि त्या थोबाडाचा फोटो ग्रुपवर आल्यावर कोणालाही दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

"बाणासारखे मारले हो टीचर," संकेत लिफ्टमध्ये म्हणाला. "दहा फुटांवरून. सप् सप् सप्."

"तू पाहिलंस?"

"मी खाली होतो. पण दुसरं कसं लागणार?"

"अरे, ते काटे म्हणजे केसच असतात, जाड झालेले. केस कोणी फेकू शकतो का? साळिंदर आधी सूचना देतं. शेपटीचे काटे पोकळ असतात, ते खुळखुळ्यासारखे वाजवतं. पाय आपटतं, गुरगुरतं, काटे उभे करून दुप्पट मोठं दिसतं. इतकं करूनही समोरचा हटला नाही, तर पाठ फिरवून उलटं धावत येतं आणि काटे टोचवतं. ते सैल असतात, म्हणून समोरच्याच्या अंगात राहतात. ब्रुनोने बिळात नाक घातलं असणार."

संकेत ऐकत होता. मान हलवत होता. लिफ्ट थांबली तेव्हा म्हणाला, "बरोबर आहे टीचर. पण एवढ्या जोरात मारतं म्हणजे कमाल आहे ना."

त्यानंतर तिसऱ्या मजल्यावर भांडण झालं. एका बाईंना दारातल्या पायपुसण्यावर साळिंदराचा काटा सापडला. काटा घरात आला की घरात भांडणं लागतात असं त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. तो समोरच्यांनीच मुद्दाम टाकला असं म्हणून त्यांनी समोरच्यांची बेल वाजवली, आणि मग खरोखरच असं भांडण लागलं की आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू आला. टीचर मध्ये पडल्या. ब्रुनोला जिन्याने नेताना त्याच्या केसांतला एखादा काटा गळला असेल, असं त्यांनी समजावलं. दोन्ही बायका त्यांच्यावरच उखडल्या. "तुम्हाला त्या जनावराचा एवढा पुळका का?" हा प्रश्न तिथे पहिल्यांदा आला आणि मग जिथेतिथे येऊ लागला.

सभेत त्यांना मिळालेल्या दोन मिनिटांत त्यांनी सगळं परत सांगितलं. कोणी मोबाइलमध्ये बघत होतं, कोणी चहाच्या कपाची वाट. त्यांचं झाल्यावर संग्रामने माईक घेतला.

"टीचरांचा मी आदर करतो. त्यांनीच मला शिकवलंय. पण टीचर, व्हिडिओ आहे. परदेशातला. त्यात स्पष्ट दिसतं, काटे उडतात."

"तो खोटा आहे, संग्राम."

"दहा लाख लोकांनी बघितलाय."

लोक हसले. वाईट हेतूने नाही. पण हसले. ठराव झाला की येत्या रविवारी बीळ दगड-सिमेंटने बंद करायचं. जनावराला मारायचं नाही, फक्त बंद करायचं, हे संग्रामने दोनदा सांगितलं. ते ऐकून टीचरांना जास्तच चीड आली.

"बंद करणं म्हणजे जिवंत पुरणं रे! साळिंदरं जोडीने राहतात. या दिवसांत आत पिल्लू असू शकतं. कायद्याने त्याला संरक्षण आहे. आणि ते खोदणारं जनावर आहे, कोंडलंस तर दुसरीकडून वर येईल."

"तेव्हाचं तेव्हा बघू, टीचर," संग्राम म्हणाला आणि पार्किंगच्या विषयाकडे वळला.

त्यांनी वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या माणसाने सगळं नीट लिहून घेतलं आणि त्या भागाच्या वनरक्षक ऋतिका मॅडमचा नंबर दिला. ऋतिका मॅडम तुंगारेश्वरच्या बाजूला बिबट्याच्या मागावर होत्या. त्यांचा आवाज तुटत तुटत येत होता. "मी येते मॅडम... एक-दोन दिवसांत... तोवर कोणाला हात लावू देऊ नका."

हात लावू देऊ नका! टीचर फोन ठेवून कितीतरी वेळ बाल्कनीत उभ्या राहिल्या. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीला त्या एकट्या काय अडवणार?

रविवारी त्यांनी चर्चमधली मिस्सा चुकवली. गेल्या कितीतरी वर्षांत, आजारपण सोडलं तर, असं झालं नव्हतं. सकाळी आठला एरॉलकडून प्लास्टिकची खुर्ची वर चढवून घेतली आणि बिळाच्या तोंडासमोर मांडून बसल्या. गवंडी आला, घमेलं ठेवलं, आजींना उठवायचं कसं ते त्याला कळेना. त्याने संग्रामला फोन केला. संग्राम आला.

"टीचर, घरी जा ना. ऊन लागेल."

"लागू दे."

"तुम्ही मला असं कोंडीत का पकडताय?"

"कोंडीत तू नाहीयेस, ते आत आहे."

तो चिडून गेला, गवंड्याला थांबायला सांगून. दहाच्या सुमाराला प्रल्हाद केणी टेकडी चढून आले. हे गावातले जुने गृहस्थ. सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी त्यांची भातशेती होती. आता ते सकाळ-संध्याकाळ सोसायटीच्या गेटजवळच्या कट्ट्यावर बसायचे. त्यांनी खुर्चीकडे, बिळाकडे, गवंड्याकडे पाहिलं.

"काय बाय, साळ्याला राखन बसलाव?"

"काका, तुम्ही तरी यांना सांगा. साळिंदर काटे फेकतं का?"

"छ्या. फेकल कशाला? पाठ लावतं न् मागारी येतं. माज्या बाच्या पोटरीत घुसलेला."

टीचरांना इतका आनंद झाला की त्या अर्ध्या उठल्या. "बघा! ऐकलंत?" त्या गवंड्याला म्हणाल्या. "हे इथलेच आहेत, त्यांनी बघितलंय."

"बघतलाय म्हंजे?" प्रल्हादकाका म्हणाले. "आमी लहानपनी खाल्लाय. मटन लय गोड. धूर केला का भायेर येतं, मग डोक्यात एकच दांडका."

गवंडी हसला. टीचर खुर्चीत परत बसल्या. सगळ्या जूचंद्रमध्ये त्यांची बाजू घेणारा एकच माणूस भेटला, तोही साळिंदर खाल्लेला.

एरॉलने बारा वाजता डबा आणला. साडेबारा झाले. एकला पाच मिनिटं असताना टीचरांना बाथरूमला जाण्यावाचून इलाज राहिला नाही. सकाळपासून त्यांनी पाण्याचा एकच घोट घेतला होता, तरीही. त्यांनी एरॉलला खुर्चीत बसवलं. "कोणी काही बोललं तरी उठायचं नाही," असं बजावलं. गुडघ्यामुळे उतरायला वेळ लागला, लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती, आणि त्या परत चढून आल्या तेव्हा एरॉल खुर्ची हातात घेऊन आंब्याखाली उभा होता. बिळाच्या जागी दगड होते आणि दगडांवर ओलं सिमेंट. गवंडी थापीने ते गुळगुळीत करत होता.

"संग्राम आला होता," एरॉल म्हणाला. "म्हणाला, अंकल जरा बाजूला व्हा, मोजमाप घ्यायचंय."

"आणि तू झालास?"

"त्याने इतकं नम्रपणे सांगितलं, सेलिन."

त्या दिवशी घरात त्या एरॉलशी एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी पुन्हा वर जाऊन त्यांनी सिमेंटला हात लावून पाहिला. घट्ट झालं होतं. जमिनीला कान लावला. काही ऐकू आलं नाही. एकतीस वर्षं काय शिकवलं आपण? श्वसनसंस्था, पचनसंस्था, बेडकाचं हृदय. पोरांनी पाठ केलं, मार्क घेतले, आणि घरी जाऊन व्हिडिओ बघितले. करवंदीच्या काट्यात पदर अडकला. तो त्यांनी सोडवत न बसता हिसकून घेतला. पदर फाटला.

तीन दिवस त्यांनी ऋतिका मॅडमना दहा फोन केले. चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्या दूध आणायला खाली उतरल्या, तर जिन्यातच गर्दी. पार्किंगमध्ये आरडाओरडा चालला होता.

कापलेल्या कडेला लागून पार्किंगच्या मागे मातीची एक पट्टी होती, तिथे सोसायटीने तगर लावलेली. त्या तगरीच्या मुळातून नवं भोक पडलं होतं आणि ताज्या मातीचा ढीग थेट फरशीवर आला होता. साळिंदर बाहेर पडलं, उजेड झाला, माणसं जमली, आणि बिचारं पंपाच्या खोलीच्या कोपऱ्यात अडकलं. टीचरांनी ते आयुष्यात पहिल्यांदा समोर पाहिलं. वाटलं होतं त्याहून मोठं होतं, डुकराच्या चांगल्या मोठ्या पिल्लाएवढं. मानेवर केसांचा पांढुरका तुरा. नाक बोथट, डोळे लहानसे. अंगावर माती. ते थरथरत होतं की काटे हलवत होतं, सांगता येईना. खळखळ, खळखळ असा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होत होता.

"मागे व्हा, मारेल!" संग्राम पायरीवरून ओरडला. तो पायजम्यावरच होता.

"सगळे मागे व्हा!" टीचरही ओरडल्या, पण वेगळ्या कारणाने. "फाटक उघडा. मधली गाडी काढा. त्याला वाट द्या, ते जाईल."

कोणी हललं नाही. टीचर पुढे गेल्या. आठ फूट. सात. सहा फुटांवर थांबल्या. मागे बायका किंचाळल्या. साळिंदराने मागचे पाय आपटले, सगळे काटे उभारले, आणि त्यांच्याकडे पाठ केली.

"बघा," टीचर म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातला होता. "मी इथे उभी आहे. सहा फुटांवर. काटे उभे आहेत. एक तरी उडाला का? संग्राम, बघतोयस?"

संग्राम बघत होता. सगळेच बघत होते. टीचरांना वाटलं, आता कळतंय यांना.

तेवढ्यात वॉचमनला जोर चढला. टीव्हीचा रिकामा खोका ढालीसारखा पुढे धरून तो बाजूने चाल करून गेला. खोका अगदी जवळ आल्यावर साळिंदर उलटं धावलं, धाडकन आदळलं, आणि वॉचमन खोका टाकून पळाला. तशी वाट मोकळी झाली. साळिंदर खुडबुडत गाड्यांच्या मागून गेलं, कोणीतरी अखेर उघडलेल्या फाटकातून बाहेर पडलं, आणि रस्त्यापलीकडच्या झुडपांत शिरलं. प्रल्हादकाका कट्ट्यावरून ते बघत राहिले.

खोक्यात चौदा काटे रुतले होते. संकेतने मोजले.

"बघितलंत ना सगळ्यांनी?" टीचरांना धाप लागली होती. "उलटं धावून टोचवले."

"बघितलं ना," संकेत म्हणाला. "काय मारले! एका दमात चौदा."

साडेसातपर्यंत ग्रुपवर व्हिडिओ आला. खांबाच्या मागून काढलेला. त्यात साळिंदर दिसतच नव्हतं. धाड असा आवाज, पळणारा वॉचमन, आणि मग काट्यांनी भरलेला खोका. खाली लिहिलं होतं, 'पुरावा.'

वनरक्षक ऋतिका अकरा वाजता आली. पंचविशीची मुलगी, खाकी कपडे, चिखलाने भरलेले बूट, दोन रात्रींची झोप डोळ्यांत. तिने सिमेंट पाहिलं, तगरीतलं भोक पाहिलं, आणि पार्किंगमध्ये सगळ्यांना बोलावलं.

"बीळ बंद करणं गुन्हा आहे. या वेळी ताकीद देते. वरचे दगड आजच्या आज काढायचे. जनावर काय करत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका, कुत्रे बांधून ठेवा. आणि साळिंदर काटे फेकत नाही. जवळ गेलात तर टोचवतं. कळलं?"

"हो मॅडम," संग्राम म्हणाला.

"हो हो," संकेत म्हणाला. "म्हणजे टोचवतं. असं आहे होय."

तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी बायका एकमेकींकडे बघून माना डोलवू लागल्या. एवढंच. दोन महिने, चार मजकूर, एक सभा, पाच तासांची खुर्ची, आणि या पोरीचं एक वाक्य. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल कुठेतरी, पण वर आला तो संतापच.

माणसं पांगल्यावर त्या ऋतिकाजवळ गेल्या. "बरं झालं तुम्ही सांगितलंत. मी सकाळी प्रत्यक्ष दाखवलं होतं यांना. सहा फुटांवर उभी राहून."

ऋतिकाने वहीतून मान वर केली. "तुम्ही उभ्या राहिलात? समोर?"

"हो."

"परत असं करायचं नाही, मॅडम. या वयात? पायात घुसला असता तर?"

टीचर घरी गेल्या. दुपारी ग्रुपवर संग्रामचा मजकूर आला. 'वनविभागाच्या मॅडमकडून मिळालेली महत्त्वाची माहिती.' खाली पाच मुद्दे. पहिल्याच मुद्द्याला बत्तीस अंगठे. एरॉलने तो आपल्या फोनवरून मोठ्याने वाचून दाखवला आणि वर म्हणाला, "बघ, थोडक्यात लिहिलं की पोचतं."

"एरॉल, मी तुला आत्ता काहीतरी फेकून मारेन," त्या म्हणाल्या.

गवंड्याने संध्याकाळी दगड काढले. बीळ उघडं झालं, पण त्यातून कोणी आत गेलं नाही की बाहेर आलं नाही. आठवडा गेला. टीचर रोज वर जाऊन तोंडाशी बारीक माती पसरून यायच्या आणि दुसऱ्या दिवशी ठसे शोधायच्या. एक मुंगूस येऊन गेलं. बाकी काही नाही. आतच काही मेलं असेल का, या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना.

नवव्या दिवशी प्रल्हादकाकांनी त्यांना कट्ट्यावरून हाक मारली.

"बाय, उगा चढू नको त्या गुडग्यावर. गेली ती तिथून."

"ती?"

"दोगा हायेत. न् पिल्लू बी हाय. मऊ मऊ काटं हायेत अजून त्याचं. काल सांजंला बघतलाय मी."

टीचर मटकन कट्ट्यावर बसल्या. पिशवीतली दुधाची थैली मांडीवर कलंडली.

"कुठे बघितलंत, काका?"

काकांनी टेकडीच्या पलीकडच्या अंगाला हनुवटी उडवली, आणि मग तोंड मिटून घेतलं.

"नक्की कुठे? पिंपळाकडे? की खाणीच्या वर?"

"नाय सांगनार. तुमी ग्रुपवर टाकाल."

"मी? मी टाकीन? अहो, मीच तर पहिल्यापासून..." टीचरांचा आवाज चढला. त्यांनी पिशवीतून फोन काढला, चष्मा नव्हता म्हणून तो लांब धरला, दोनदा चुकीचं बटण दाबलं, आणि काकांच्या डोळ्यांदेखत सोसायटीचा ग्रुप सोडला. "हे बघा. गेले मी बाहेर. आता सांगा."

प्रल्हादकाकांनी फोनकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि धोतराचा सोगा झटकून उठले.

"तुमचा मालक हाय ना अजून त्यात," ते म्हणाले आणि घराकडे चालू लागले.